अद्भुतकथा, आख्यायिका आणि कादंबरी : श्रोत्याच्या एका प्रश्नाची तीन उत्तरे

गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतोच, मग तो ओठांवर येवो वा न येवो : हे खरे का? कथनाच्या प्रकारांचा विचार आपल्याकडे बहुधा विषयावरून केला जातो. राक्षस, यक्षिणी, उडते घोडे आले की ती अद्भुतकथा. गड, समाधी, साधुसंत आले की ती आख्यायिका. घर, कचेरी, लग्न आणि भाऊबंदकी आली की ती कादंबरी. अशी ढोबळ वाटणी करून वाचक मोकळा होतो आणि पुष्कळदा टीकाकारही. परंतु ही वाटणी पहिल्याच कसोटीस उतरत नाही. कादंबरीत भूत येऊ शकते, आख्यायिकेत एकही चमत्कार नसू शकतो, आणि अद्भुतकथेतील सासू शेजारच्या घरातील सासूइतकीच ओळखीची असते. प्रकार ठरतो तो कथेत काय आले यावरून नव्हे. ‘हे खरे का’ या प्रश्नास निवेदक काय उत्तर देतो आणि श्रोता त्या उत्तरावर कोणत्या भूमिकेने विसंबतो, यावरून तो ठरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. अमरकोशात आख्यायिका आणि कथा यांचे वेगळे अर्थ दिले आहेत : आख्यायिकेतील वस्तू आधी ठाऊक असलेली, तर कथेची रचना कल्पनेने केलेली. भामहाने ‘काव्यालंकारा’त हा भेद बाह्य लक्षणांनीही बांधून टाकण्याचा यत्न केला. आख्यायिकेचे विभाग उच्छ्वासांचे, तीत वक्त्र आणि अपरवक्त्र ही वृत्ते, आणि नायकाने आपले चरित्र स्वतः सांगावयाचे. कथेत हे नियम नाहीत आणि सांगणारा दुसरा कोणी. दंडीने ‘काव्यादर्शा’त या सर्व लक्षणांची फिरकी घेतली आहे. नायक बोलला काय किंवा दुसरा बोलला काय, विभागास उच्छ्वास म्हटले काय किंवा दुसरे काही, त्याने जातीत काय फरक पडतो, असा त्याचा आशय. एकाच जातीची ही दोन नावे, असा त्याचा निर्णय. वादात दंडीचा पक्ष वरचढ ठरतो, हे उघड आहे. परंतु भामहाने चुकीच्या जागी शोधलेला भेद खोटा होता असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

बाणभट्टाकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. सातव्या शतकातील या एकाच लेखकाने दोन्ही प्रकार हाताळले आणि त्यांची नावेही स्वतः सांगितली : ‘हर्षचरित’ ही आख्यायिका, ‘कादंबरी’ ही कथा. भामहाची लक्षणे लावू गेल्यास ‘हर्षचरित’ अडचणीत येते. तेथे हर्ष स्वतः काहीच सांगत नाही; राजदरबाराहून घरी परतलेला बाण आपल्या भाऊबंदांच्या आग्रहावरून त्याचे चरित्र सांगतो. चमत्कार म्हणावे, तर तेही तेथे आहेत. हर्षाचा पूर्वज पुष्पभूती भैरवाचार्याच्या स्मशानसाधनेत साहाय्य करतो, भूमीतून नाग प्रकट होतो, लक्ष्मी वर देते. मग ‘कादंबरी’शी त्याचा भेद कोणता? भेद हा की लक्ष्मीचा तो वर एका खऱ्या राजवंशास, एका खऱ्या देशास बांधलेला आहे. श्रोत्याने मान वर करून पाहिले तर त्या वराचे फळ सिंहासनावर बसलेले दिसते. ‘कादंबरी’त चंद्र चंद्रापीड होतो, पुंडरीक वैशंपायन होतो आणि पुढे पोपट होतो, पण हे कोणत्या गावी घडले याची खातरजमा करावी असे कोणाच्याही मनात येत नाही.

याच पुस्तकाचे नाव मराठीने आणि कानडीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकारास द्यावे, हा भाषेच्या इतिहासातील एक गमतीचा योगायोग आहे. बंगाली आणि हिंदी भाषांनी ‘उपन्यास’ हा शब्द घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’ म्हटले, तेलुगूने ‘नवल’. आम्ही मात्र व्यवहारातील माणसांचा वृत्तान्त सांगणाऱ्या ग्रंथाला अशा एका कृतीचे नाव दिले की जिच्यात निवेदकाचे काम एक पोपट करतो. या नावाने मराठी लेखकाचे काही नुकसान केले असे नाही. परंतु आपली कादंबरी पहिली काही पावले कोणत्या वाटेने चालली, याची खूण त्या नावात उरली आहे एवढे खरे.

आता अद्भुतकथेविषयी. अद्भुतकथा म्हणजे निर्बंध कल्पना, तेथे काहीही घडू शकते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. अद्भुतकथेइतका कायद्याचा काटेकोरपणा अन्यत्र क्वचितच आढळेल. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळाच्या पंचवीस गोष्टी घ्या. राजा त्रिविक्रमसेनाने शिंशपा वृक्षावरील प्रेत खांद्यावर घेऊन निमूट चालावयाचे. वेताळ गोष्ट सांगणार आणि शेवटी प्रश्न टाकणार. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तकाची शकले. बोलला तर मौन मोडले आणि वेताळ पुन्हा झाडावर. दोन नियमांच्या या कात्रीतून सुटण्याची एकच वाट उरते, ती म्हणजे खरोखरच उत्तर ठाऊक नसणे. आणि अखेरच्या गोष्टीत नेमके तेच घडते. एवढ्या शिस्तीचे कथानक रचणारा कथाकार ‘काहीही घडू शकते’ असे मानणारा नव्हे. अद्भुतकथेत पहिली अट असंभाव्य असते. ती एकदा मान्य केली की पुढे सर्व काही त्या अटीनुसार चालावे लागते. प्रेत बोलते हे श्रोता विनातक्रार स्वीकारतो, पण बोलणाऱ्या राजाच्या खांद्यावरून वेताळ एकदा जरी उडून गेला नसता, तरी तो तत्काळ हरकत घेता.

आपल्या व्रतांच्या कहाण्यांतही हाच कायदा दिसतो. ‘आटपाट नगर’ म्हटले की नगराचा पत्ता विचारण्याचा हक्क श्रोत्याने सोडून दिला. परंतु वसा टाकला की दैन्य, वसा पुन्हा घेतला की वैभव, यात तसूभरही सूट नाही. तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० साली फ्रेंचमध्ये अद्भुताची जी मीमांसा मांडली, तीत वाचकाची द्विधा अवस्था, म्हणजे हे नैसर्गिक की अलौकिक असा निर्णय न होणे, हेच अद्भुताचे मर्म मानले. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कथांना ती मीमांसा चपखल लागू पडते. पण श्रावणात कहाणी ऐकणाऱ्या बाईची मनःस्थिती द्विधा असते असे कोण म्हणेल? तिच्यापुढे ‘खरे का’ हा प्रश्न नसतोच. ‘पुढे काय’ हा एकच प्रश्न असतो.

अद्भुतकथेच्या श्रोत्यासंबंधी ‘कथासरित्सागरा’नेच एक विलक्षण गोष्ट सांगून ठेवली आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली आणि ती सातवाहन राजाकडे पाठविली. भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची म्हणून राजाने ती झिडकारली. गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटविला आणि एकेक पान वाचून तो ते आगीत टाकू लागला. भोवती वनातील पशू आसवे ढाळीत, चरणे विसरून, ऐकत उभे. तिकडे राजाला आजार जडला. वैद्यांनी निदान केले की रुक्ष मांसामुळे हे झाले. आचाऱ्यांनी पारध्यांना विचारले, तेव्हा ही हकीकत बाहेर आली. राजा धावत गेला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. कथेच्या उपेक्षेची बातमी राजाच्या पोटापर्यंत पोहोचावी, ही कल्पनाच केवढी ठसठशीत आहे! हिच्याशेजारी स्पेनमधील सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’चा, १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागातील, एक प्रसंग ठेवावा. तेथेही ग्रंथ जळतात. पण जाळणारे आहेत गावचा पाद्री आणि न्हावी, आणि कारण अगदी उलटे : वाचणारा त्या शूरांच्या अद्भुतकथांवर फार विश्वासला आहे. एकीकडे कोणी ऐकत नाही म्हणून ग्रंथ जळतो, दुसरीकडे कोणी फारच ऐकले म्हणून. पहिली आग अद्भुतकथेच्या जगातली, तर दुसऱ्या आगीच्या उजेडात युरोपातील कादंबरी जन्मास आली असे म्हटले जाते. एका प्रकारच्या कथेकडे दुसऱ्या प्रकारच्या भूमिकेने पाहिल्यास माणसाची काय गत होते, हाच तिचा पहिला विषय होता.

मराठीत हे स्थित्यंतर कसे झाले? बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आले, हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये, रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये आणि गुंजीकरांचे ‘मोचनगड’ १८७१ मध्ये. भालचंद्र नेमाडे यांनी पुढे यांतून वास्तवाकडे, रंजनाकडे आणि इतिहासाकडे झुकणाऱ्या तीन प्रवृत्ती पाहिल्या आणि त्यांना या ग्रंथांचीच नावे दिली, हे वाचकांस ठाऊक आहे. मला या ठिकाणी रिसबुडांची प्रस्तावना अधिक बोलकी वाटते. आम्हा हिंदूंच्या आयुष्यात, विवाहाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे, मनोरंजक असे काही घडतच नाही. नित्याच्या अनुभवाचे लिहू गेल्यास त्यात वाचकाने गुंतावे असे काय असणार, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणजे अद्भुताकडे जाणे ही त्यांची आवड नव्हती; ती त्यांना भासलेली सक्ती होती.

या तक्रारीचे उत्तर सुमारे पंचवीस वर्षांनी हरिभाऊ आपटे यांनी ‘करमणूक’ पत्रातून दिले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूने स्वतः सांगितलेली कहाणी. तीत मनोरंजक घटना नाहीतच. सासर आहे, माजघर आहे, वैधव्य आहे आणि केशवपन आहे. पण त्या माजघरात शिरलेला वाचक कोणत्याही राक्षसाच्या गुहेत इतका धास्तावला नसेल. रिसबुडांना ज्या विवाहाच्या चालीत कथेची सामग्री दिसली नाही, तिच्यातच ती सगळी साठलेली होती. ती पाहण्यासाठी बाईच्या डोळ्यांनी पाहावे लागत होते एवढेच. कोणाचे आयुष्य सांगण्याजोगे मानावे, हा वाद वरवर तंत्राचा दिसतो. आत तो समाजाचा वाद आहे. म्हणूनच कादंबरीची मराठीतील वाटचाल हा केवळ वाङ्मयप्रकाराचा इतिहास राहात नाही.

आख्यायिकेचे स्वरूप पाहण्यासाठी एकच घटना तिन्ही अंगांनी तपासणे बरे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि ते तेथे पडले. सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीस राजारामांच्या आज्ञेवरून लिहिणाऱ्या सभासदाने ही हकीकत थोडक्यात दिली आहे. निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, राजपूत किल्लेदार उदेभान याच्याशी झुंज झाली, दोघेही पडले, सूर्याजीने धीर धरून गड सर केला. आणि वर्तमान कळल्यावर राजे काय म्हणाले? एक गड मिळाला, परंतु एक गड गेला, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सभासदाने नोंदविले आहेत. या वाक्यात सिंह नाही; तानाजी हाच एक गड होता असा त्यातील भाव आहे. घोरपडही तेथे नाही.

शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात याच रात्रीचे रूप पालटते. हा पोवाडा अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे शिकलेल्या वाचकांपर्यंत पोहोचला. तेथे जिजाबाई शिवाजीराजांशी फासे खेळतात आणि पणात कोंढाणा मागतात. रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेला तानाजी लग्न बाजूस ठेवून गडाकडे वळतो. उदेभान अफाट आहाराचा दैत्य होतो, त्याच्या दिमतीस चंद्रावळी हत्ती येतो. आणि कड्यावर चढविण्यासाठी घोरपड येते. कमंद लावलेल्या घोरपडीच्या आधाराने माणसे कडा चढू शकतील की नाही, याची चर्चा करण्यात अनेकांनी शाई खर्च केली आहे. माझ्या मते हा प्रश्न गैरलागू आहे. घोरपडे घराण्याच्या नावाची उपपत्ती सांगताना बहामनी काळातील एका किल्ल्याविषयी हीच गोष्ट सांगतात. अर्थात ही घोरपड कोंढाण्याची नव्हे. ती एका गडावरून दुसऱ्या गडावर फिरणारी कथावस्तू आहे. पाहावयाचे ते एवढेच की शाहिराने तिला कोठे आणले. जेथे श्रोत्याचा श्वास अडकतो, मानवी बळाने हे कसे झाले असेल असे त्याला वाटते, नेमक्या त्या जागी ती आली. शिवाय ती एकदा माघारी फिरते. हा अपशकुन आहे, आणि तानाजी तो जुमानीत नाही. त्या एका क्षणात श्रोत्याला पुढचा मृत्यू दिसतो आणि नायकाची जातही दिसते. पाठ्यपुस्तकातील कोणतेही स्तुतिपर विशेषण एवढे काम करीत नाही.

आणि सिंह? तानाजी सिंहासारखा पडला म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे आपण बालपणापासून ऐकत आलो. संशोधकांनी दाखविले आहे की ‘सिंहगड’ हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रात आढळते. म्हणजे कालक्रम उलटा आहे : नाव आधी, सिंह मागून. आख्यायिकेची सारी रीत येथे दृष्टीस पडते. तिला डोळ्यांसमोर असलेली एखादी वस्तू लागते : कडा, समाधी, बुरूज किंवा नुसते नाव. रायगडाच्या बुरुजाला हिरकणी मिळाली ती याच रीतीने. अद्भुतकथा पत्ता सांगत नाही; आख्यायिका पत्त्यापासूनच सुरू होते. ‘हे खरे का’ असे विचारल्यास ती पुरावा म्हणून बोट दाखविते, आणि जिकडे बोट दाखविले ती वस्तू खरोखरीच तेथे असते. म्हणूनच तिचे खंडन केल्याने लोक दुखावतात. ‘कादंबरी’तील पोपट बोलत नव्हता असे कोणी सिद्ध केल्याने कोणाचे काही बिघडत नाही, घोरपड नव्हती असे म्हटल्यावर मात्र सभेत गलका होतो. हा गलका अज्ञानाचा आहे असे म्हणून त्याची वासलात लावणारे विद्वान आख्यायिकेस समजून घेत नाहीत. आणि त्या गलक्यास भिऊन बखरीचा शब्द झाकून ठेवणारे इतिहासास समजून घेत नाहीत. आख्यायिका समाजाने एका माणसाचे काय केले हे सांगते. त्या माणसाने काय केले हे सांगणे बखरीचे आणि पत्रांचे काम. दोन्ही प्रश्नांना उत्तर हवे, पण एकाच साक्षीदाराकडून नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हरिभाऊंनी या विषयावर ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली. आता मागणी वेगळी होती. कादंबरीच्या वाचकास उदेभान दुष्ट आहे एवढे सांगून भागत नाही. त्या रात्री त्याच्या मनात काय होते हे त्याला हवे असते. म्हणून कमलकुमारी आली. तिला उदेभानाने बळाने गडावर आणून ठेवले आहे, आणि तिच्या सुटकेचा धागा गडाच्या लढाईत विणला आहे. हे पात्र सभासदाजवळ नाही; कादंबरीच्या गरजेतून ते उभे राहिले. कादंबरी ‘हे खरे का’ या प्रश्नास उत्तर देते : अशा माणसांच्या बाबतीत, अशा काळी, असे घडू शकते, आणि प्रत्येक पावलास कारण देऊन ती हे वचन पाळते. हरिभाऊंनी ते सर्वत्र पाळले असे नाही. उदेभान अजूनही पोवाड्यातल्या दैत्याच्या पुष्कळ जवळचा आहे, आणि कमलकुमारीजवळ दुःखाखेरीज फारसे काही नाही. यमूला लाभलेला आवाज तिला लाभला नाही. स्कॉटच्या नमुन्यावरची ऐतिहासिक कादंबरी हरिभाऊंच्या हाती रंगतदार झाली, परंतु त्यांची खरी प्रतिभा माजघरातच राहिली.

पुढे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. या कादंबरीवरून १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांनी आणि १९३३ मध्ये ‘प्रभात’ने ‘सिंहगड’ चित्रपट काढले. कादंबरीने कारणपरंपरेसाठी जोडलेले धागे आता लोकांच्या स्मरणात गेले आणि आख्यायिकेचे अंग बनले. कादंबरीकाराने ‘असे घडू शकते’ म्हणून लिहिलेले, ‘असे घडले’ म्हणून परत आले. यात दोष ऐतिहासिक कादंबरीचा नाही. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’तील किंवा ‘श्रीमान योगी’तील संवाद कोणी व्याख्यानात ऐतिहासिक उद्गार म्हणून उद्धृत करू लागला, तर कादंबरीकाराने त्याला तसे सांगितले नव्हते. तो वाचक एका प्रकाराचा परवाना दुसऱ्या प्रकारास देतो, एवढेच. किहोतेचे वेड हेच होते; फरक इतका की तो एकटा होता आणि गावाला त्याची कीव येत होती.

पुराणकथेपासून कादंबरी करताना निराळीच अडचण उभी राहते. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) तारुण्याची देवघेव काढून टाकली नाही, ती काढली असती तर कथाच उरली नसती. त्यांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली बाजू मांडावयास लावले आणि चमत्काराचा भार तिघांच्या कबुलीजबाबांवर तोलून धरला. योजना कादंबरीची आहे यात शंका नाही. पण तिघेही एकाच अलंकृत वाणीने बोलतात, त्यामुळे साक्षीदार तीन असूनही जबानी एकाचीच वाटते, हे या थोर कीर्तीच्या ग्रंथाविषयी सांगितले पाहिजे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये याच्या उलट मार्ग धरला. त्यांनी कथा रचलीच नाही. महाभारतातील माणसांकडे चमत्कार वजा करून पाहिले आणि उरलेल्या माणसांशी वाद घातला.

जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांना मात्र वरील कोणताच पत्ता लागू पडत नाही. देश अनाम, काळ अनाम, माणसांची नावे परकी. म्हणजे आटपाट नगरच. परंतु वसा घेतला की वैभव परत मिळेल हा कहाणीचा करार तेथे रद्द झालेला आहे. कायदा आहे, त्याची अंमलबजावणीही निर्दय आहे, पण तो कायदा कोणी केला आणि कशासाठी, हे त्यातील माणसांना अखेरपर्यंत कळत नाही. कहाणीच्या श्रोत्यास जी सवलत होती ती वाचकाकडून काढून घेतली आहे, आणि कादंबरीच्या वाचकास जी कारणे मिळत ती त्याला दिलेली नाहीत. या कथा कोणत्या भूमिकेने ऐकावयाच्या, याचा निर्णय मराठी समीक्षेने अद्याप केलेला नाही.